नवी पिल्ले जुन्या खुराड्यात सोडताना

पावसाळा ओसरला की आमच्या वस्तीकडे सायकलला जाळीचे खोके बांधून पिल्लेवाला येऊ लागतो. घरी चार-पाच कोंबड्या असतात, त्यांतल्या दोन म्हाताऱ्या झालेल्या. तेव्हा दहा पिल्ले घ्यावीत असे घरातल्या बाईला वाटते. अंड्यांचे पैसे हे तिच्या हातातले पैसे. मुलांच्या वह्या, माहेरी जायचे एस.टी.चे भाडे त्यातूनच निघते. म्हणून ही खरेदी दिसते तेवढी किरकोळ नाही. पिल्ले दगावली तर ती दहाच जातात असे नव्हे, त्यांच्यामागे अंडी देणाऱ्या कोंबड्याही जातात. बचत गटाच्या कामासाठी आम्ही ज्या घरांत जातो, तिथे हा प्रकार पुष्कळदा पाहिला आहे.

मुळात पिल्लू कोणते हे पाहावे. गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्ले बहुधा अंड्यांच्या जातीचे नर असतात. उबवणी केंद्रात ते निवडून बाजूला काढतात आणि स्वस्तात विकतात. अंड्यांच्या आशेने पाच महिने दाणे घालावेत आणि शेवटी त्याने बांग द्यावी! त्यापेक्षा परसात वाढणारी जात घ्यावी. गिरिराज ही बंगळूरच्या कृषी विद्यापीठात आणि वनराज हैदराबादच्या संशोधन केंद्रात तयार झालेली जात. मात्र या सुधारित कोंबड्या सहसा खुडूक बसत नाहीत, म्हणून एखादी गावठी कोंबडी घरात असू द्यावी.

आणलेली पिल्ले त्याच दिवशी खुराड्यात सोडू नयेत. निदान तीन-चार आठवडे वेगळी ठेवावीत. भीती आहे ती मानमोडीची, म्हणजेच राणीखेत रोगाची. हिरवट-पांढरी हगवण, घशाची घरघर, पंख लुळे, मान वाकडी, ही त्याची लक्षणे. एकदा लागल्यावर त्यावर औषध नाही. हा रोग पिल्लांकडून कोंबड्यांना लागतो, तसाच वरून धडधाकट दिसणाऱ्या कोंबडीकडून पिल्लांनाही लागू शकतो. भांडी वेगळी असावीत. दाणापाणी आधी पिल्लांना, मग मोठ्यांना, आणि मध्ये हातपाय धुवावेत. चपलेला लागलेली विष्ठासुद्धा रोग नेते.

ऊब हा दुसरा प्रश्न. पहिल्या आठवड्यात पिल्लांजवळ सुमारे ९५ अंश फॅरनहाइट उष्णता लागते, पुढे दर आठवड्याला पाच अंश कमी चालते. हल्लीचे एलईडी दिवे उजेड देतात, ऊब देत नाहीत. तारेचाच जुना बल्ब हवा. थर्मामीटर नसला तरी अडत नाही. पिल्ले दिव्याखाली गोळा झाली तर थंडी आहे, कडेला जाऊन चोची उघडून बसली तर उकाडा आहे. बंद खोलीत कोळशाची शेगडी मात्र ठेवू नये. तो धूर पिल्लांना घातक आणि घरातल्या लेकरांनाही. खाली भाताचे तूस पसरावे आणि ते कोरडे ठेवावे. ओलीत रक्ती हगवण लागते.

घरात कोंबडी खुडूक बसली असेल तर दिव्याची गरजच नाही. एक-दोन दिवसांची पिल्ले रात्री अंधारात हळूच तिच्या पोटाखाली सरकवावीत. सकाळी लक्ष ठेवावे. टोचू लागली तर लगेच काढून घ्यावीत. तिने स्वीकारली तर मांजर आणि घार यांची निम्मी काळजी तीच वाहते. तिलाही पिल्लांसह डालग्याखाली वेगळेच ठेवावे.

दिव्याखालची पिल्ले वेगळी ठेवण्याची मुदत संपली तरी ती थेट मोठ्यांत जात नाहीत. कोंबड्यांत कोणी कोणाला टोचायचे याचा क्रम ठरलेला असतो. नॉर्वेच्या श्येल्डेरुप-एब्बे यांनी १९२२ साली तो लिहून दाखवला, आमच्या आज्या-पणज्यांना तो न लिहिताच ठाऊक होता. नवा पक्षी आला की हा क्रम पुन्हा लागतो, आणि लहान पिल्लू त्यात मरते. पिल्ले दोन-अडीच महिन्यांची होऊ द्यावीत. आठवडाभर मध्ये जाळी लावून एकमेकांना नुसते दिसू द्यावे. मग संध्याकाळी सगळी एकदम सोडावीत, एकटे पिल्लू कधीही नाही. दाण्याची भांडी दोन-तीन ठिकाणी असावीत. रक्त दिसले की ते पिल्लू लगेच बाजूला काढावे, कारण लाल दिसले की बाकीच्याही तिथेच टोचतात.

आता लस. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटा लसीचा थेंब डोळ्यात किंवा नाकपुडीत, चौथ्या आठवड्यात पुन्हा, आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बीची सुई. अडचण अशी की एका कुपीत शंभर वा अधिक पक्ष्यांची लस असते. ती एकदा कालवली की दोन तासांत संपवावी लागते, आणि तोवर बर्फात ठेवावी लागते. दहा पिल्लांसाठी कुपी फोडणे परवडत नाही, म्हणून बायका लसच टाळतात. यावर आमच्या आळीने काढलेला उपाय असा : पिल्ले एकाच आठवड्यात सगळ्यांनी मिळून घ्यायची, कुपीचे पैसे पिल्लांच्या संख्येवर वाटून घ्यायचे, आणि जनावरांच्या दवाखान्यातून थर्मासमध्ये बर्फ घालून लस आणायची. तारीख प्रत्येकीने दारामागे खडूने लिहायची.