बाळ दचकतं तेव्हा
दार आपटलं की पाळण्यातलं बाळ दोन्ही हात फेकतं, बोटं फाकवतं, मग मिठी मारल्यासारखे हात जवळ घेतं आणि रडतं. घरात लगेच दृष्ट काढायला मीठ-मोहऱ्या शोधल्या जातात! खरं तर हे दचकणं मज्जासंस्था ठीक असल्याची खूण. १९१८ मध्ये बालरोगतज्ज्ञ अर्न्स्ट मोरो यांनी त्याचं वर्णन केलं, म्हणून ही ‘मोरो’ प्रतिक्षिप्त क्रिया. तिची सुरुवात पोटातच, साधारण २८व्या आठवड्याच्या सुमारास होते. दचकणं चार ते सहा महिन्यांत ओसरतं. एकच हात उडत असेल, किंवा सहा महिन्यांनंतरही हे चालूच राहिलं, तर डॉक्टरांना दाखवावं.