त्वचेच्या क्षेत्रात शिरायचंय?

आपट्याहून रोहा-दिवा गाडीने पनवेल गाठलं, की पुढे खारघर-कामोठ्यात ‘स्किन अँड लेझर’च्या पाट्या पावलोपावली. पार्लरचं काम शिकलेल्या मुलींना तिथली नोकरी खुणावते. पण आत जायची दारं दोन आहेत आणि एकातून दुसरीकडे जाता येत नाही.

डॉक्टरकीची वाट लांबची : एमबीबीएस, नीट-पीजी, मग त्वचारोगात तीन वर्षांची एमडी. कामोठ्याचं एमजीएम वैद्यकीय महाविद्यालय याच पनवेल तालुक्यातलं. बोटॉक्स, फिलर, केसरोपण ही डॉक्टरांची कामं. कार्यशाळा किंवा यूट्यूब बघून केसरोपण शिकता येत नाही, हे राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये लेखी बजावलं; तेवढी वेळ आली होती!

दुसरी वाट आयटीआयची. दहावीनंतर वर्षभराचा कॉस्मेटॉलॉजी ट्रेड, मग क्लिनिकमध्ये सहायक. हे काम दुय्यम समजू नका. केस काढणाऱ्या लेझरचा प्रकाश केसांच्या मुळांप्रमाणे सावळ्या त्वचेतलं मेलॅनिनही शोषून घेतं, म्हणून भाजल्याचे डाग पडू शकतात. आपल्या वर्णाला १०६४ नॅनोमीटरचं एनडी-याग लेझर तुलनेने सुरक्षित. तेही आधी छोट्याशा जागेवर मारून बघायचं. उन्हात रापून आलेल्या गिऱ्हाइकाला ‘आज नको, ताई’ म्हणणारी सहायक क्लिनिकला हवीच असते.

‘पंधरा दिवसांत कॉस्मेटॉलॉजिस्ट’ छाप जाहिराती दिसल्या, तर फी भरण्याआधी एकच विचारा : या प्रमाणपत्रावर मला नेमकं काय करता येईल? उत्तर लेखी घ्या.