मक्याच्या मूळ गावी वर्ध्याचा मास्तर

शेतकरी बंधूंनो, साक्रीच्या शिवारात आपण दरसाल मका लावतो. पण मक्याच्या मूळ गावी, मेक्सिकोत, मका शिकवायला आपला वर्ध्याचा माणूस होता, हे ठाऊक आहे का?

डॉ. पांडुरंग खानखोजे हे त्यांचे नाव. क्रांतिकारक म्हणून इंग्रज मागावर, मायदेशाची वाट बंद. १९२४ मध्ये ते मेक्सिकोत पोचले आणि चापिंगोच्या कृषी विद्यालयात प्राध्यापक झाले. भाषा परकी, पण माती ओळखीची! वर्गातच न अडकता त्यांनी खेड्यापाड्यांतल्या शेतकऱ्यांसाठी मोफत शेतीशाळा काढल्या. स्वातंत्र्यानंतर ते परतले. १९६७ मध्ये नागपुरात वारले.

कारभारी मंडळी, परक्या मुलखात शाळा बांधावर गेली, मग आपल्या गावी का नको? येत्या ग्रामसभेत हा विषय घ्याच.