घरची शाळा, बाहेरचा परीक्षक

अमेरिकेंतील कित्येक ख्रिस्ती कुटुंबांत मुलें शाळेंत न जातां घरींच शिकतात. सकाळीं पवित्र शास्त्राचें वाचन व प्रार्थना झाली कीं मेजावर धडे सुरू होतात. परंतु जेथें आई हीच शिक्षिका, तेथें वर्षाखेरीस परीक्षक कोण? पेनसिल्व्हेनिया राज्याच्या १९८८ सालच्या कायद्यानें हा प्रश्न सोडविला. वर्षांतून १८० दिवस अथवा ठरलेले तास शिकवावें; मग पात्र परीक्षकानें वह्या व वाचलेल्या पुस्तकांची यादी तपासून, मुलाशीं बोलून दाखला द्यावा; तो ३० जूनपर्यंत शिक्षणाधिकाऱ्यांकडे पोंचावा. शिकविणाऱ्या आईस वा बापास मात्र परीक्षक होतां येत नाहीं. त्या दिवशीं मुलापेक्षां आईचीच छाती अधिक धडधडत असेल! बालमित्रहो, गुरुजींचा तांबडा शेरा पाहून खट्टू होऊं नका. माया जें झांकते, तेंच तो दाखवितो.