कासवाचे घर आणि रोगणाचा वास



गेल्या पावसाळ्यात इंग्लंडमध्ये राहणाऱ्या माझ्या पुतण्याच्या मुलाचे पत्र आले. त्याने लिहिले होते, “आजोबा, मी आणि बाबांनी मिळून आमच्या कासवासाठी लाकडी पेटी केली आहे. आत ओलसर माती घालावयाची आहे. लाकूड कुजू नये म्हणून आतून काय लावू?” मी अनेक वर्षे शाळेत सुतारकाम शिकविले. त्यामुळे उत्तर तोंडातच होते : रोगणाचे दोन हात द्यावे, म्हणजे झाले! परंतु लिहावयास बसलो आणि एक जुनी गोष्ट आठवून लेखणी थांबली.

एका वर्षी आम्ही शाळेत सशांसाठी खुराडे केले होते. ते स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनात मांडावयाचे म्हणून आदल्या दिवशी त्याला हिरवा तैलरंग दिला. दुसऱ्या दिवशी रंग हाताला लागत नाही, एवढे पाहून ससे आत सोडले. तिसऱ्या दिवशी सकाळी दोहोंपैकी एक ससा मेलेला आढळला. तो रंगानेच मेला, हे मला सिद्ध करता येणार नाही. पण चौकटीची एक कड कुरतडलेली होती आणि खुराड्याला उग्र वास येत होता, हे मी विसरू शकलो नाही. रंग ‘सुकणे’ निराळे आणि ‘पक्का होणे’ निराळे, हा भेद त्या दिवशी मला ठाऊक नव्हता. तो आज तुम्हांस सांगावा, म्हणून हा लेख.

प्रथम लाकडाचा स्वभाव पाहू. लाकूड म्हणजे बारीक नळ्यांची जुडी. झाड जिवंत असताना या नळ्यांतून पाणी वर चढते. झाड तोडल्यावरही पाणी शोषण्याचा त्यांचा गुण जात नाही. फळीच्या आडव्या छेदाशी, म्हणजे टोकाशी, नळ्यांची तोंडे उघडी असतात. म्हणून फळी तेथून सर्वांत अधिक पाणी पिते. ओली फळी रुंदीत फुगते, सांधे उलतात, फटींत माती व मूत्र साचते आणि बुरशी धरते. म्हणून पेटीला लेप हवा, यात शंका नाही.

आता कासवाचा स्वभाव पाहा. माझ्या नातवाचे कासव भूमध्य समुद्राच्या उत्तरेकडील देशांत आढळणाऱ्या हरमन जातीचे आहे. आपल्या छातीत व पोटामध्ये श्वासपटल नावाचा स्नायूंचा पडदा असतो. त्याच्या जोरावर आपण खोकतो आणि घशातील घाण बाहेर टाकतो. कासवाला आपल्यासारखे श्वासपटल नसते. त्याची फुप्फुसे पाठीच्या कवचाखाली असतात आणि पायांजवळचे स्नायू हलवून ते श्वास घेते. त्याला नीट खोकता येत नाही. म्हणून फुप्फुसाचा विकार त्याला फार जड जातो. शिवाय ते मातीला नाक लावून चालते, आणि त्याला ऊब मिळावी म्हणून पेटीच्या एका कोपऱ्यावर दिवा टांगलेला असतो. दिव्याखाली सुमारे ३५ अंश सेल्सिअस उष्णता असते. लेपात द्रावकाचा अंश राहिला असेल तर या उष्णतेने त्याची वाफ होते. वास असह्य झाला तर आपण खोलीबाहेर जातो. कासव कोठे जाणार?

म्हणून मी नातवाला पुढील गोष्टी कळविल्या.

पहिली गोष्ट लाकडाची. साधे, कोरडे, वास नसलेले लाकूड घ्यावे. देवदारासारख्या सुगंधी लाकडातील तेल आपणांस आवडते, पण बंदिस्त जागी ते प्राण्यांस बाधते. वाळवी लागू नये म्हणून औषध पाजलेले लाकूड तर मुळीच नको. भुसा दाबून केलेले स्वस्त तक्ते बहुधा फॉर्माल्डिहाइडयुक्त डिंकाने जोडलेले असतात; तेही टाळावे.

दुसरी गोष्ट लेपाची. आपली चपडा लाख निरुपद्रवी खरी, पण पाण्याने पांढरी पडते आणि उष्णतेने मऊ होते. जवसाचे कच्चे तेल सुकावयास फार दिवस घेते, आणि बाजारातील ‘उकळलेल्या’ तेलात लवकर सुकण्यासाठी धातूंचे क्षार घातलेले असतात. या तेलाच्या चिंध्यांचा बोळा करून ठेवला तर तो आपोआप तापून पेट घेतो, हेही ध्यानात ठेवा! अशा चिंध्या उघड्यावर पसरून वाळवाव्या किंवा पाण्यात बुडवून ठेवाव्या. या कामास पाण्यात मिसळणारे, कमी वासाचे रोगण बरे. घासकागदाने फळी गुळगुळीत करावी, धूळ पुसावी आणि तीन पातळ हात द्यावे. दोन हातांच्या मध्ये बारीक घासकागद फिरवावा. फळीची टोके, स्क्रूची भोके आणि पेटीचा तळ यांना एक हात अधिक द्यावा.

तिसरी गोष्ट सांध्यांची. आतील कोपऱ्यांत बुरशीनाशक न घातलेले शुद्ध सिलिकोन भरावे. ते घट्ट होताना शिरक्यासारखा वास सुटतो. तो पूर्ण गेला पाहिजे.

चौथी गोष्ट धीराची, आणि तीच सर्वांत मोठी. रोगण काही तासांत हाताला लागेनासे होते, पण आतून पक्के होण्यास त्याला कित्येक दिवस लागतात. म्हणून पेटी दोन ते तीन आठवडे वाऱ्यावर उघडी ठेवावी. मग दिवा लावून, वर फळी झाकून, ती एक तास आपल्या देखरेखीखाली तापवावी आणि फळी काढून वास घ्यावा. किंचितही वास आला तर आणखी एक आठवडा थांबावे. दिवा लाकडापासून दूर टांगावा, हे सांगणे नकोच.

एवढे करूनही ओल्या मातीखाली तळ्यात अंथरतात तसले रबरी कापड घालावे. म्हणजे लेपावर सारा भार पडत नाही. आणि ‘लेप’ म्हणजे ‘कोंडणे’ नव्हे. पेटी वरून उघडी असावी. झाकण हवेच असेल तर एका बाजूस खाली व समोरच्या बाजूस वर झरोके ठेवावे, म्हणजे हवा खेळती राहते.

दोन महिन्यांनी नातवाचे उत्तर आले. त्याने तेवीस दिवस वाट पाहिली. तोवर कासव जुन्या प्लॅस्टिकच्या टबात होते. “शेवटच्या आठवड्यात बाबा म्हणत होते, आता पुरे,” असे त्याने लिहिले होते, “पण तापवल्यावर वास येतच होता.” ते वाचून मला त्या सशाची आठवण झाली आणि थोडे हलकेही वाटले.

हे वाचून कोणी कासव आणावयास निघू नये. नातवाचे कासव पाळीव कासवांच्या पोटी जन्मलेले असून त्याच्याजवळ रीतसर दाखला आहे. आपल्याकडे गुजरात-राजस्थानच्या कोरड्या माळावर आढळणारे, पाठीवर चांदण्यांची नक्षी असलेले तारा कासव घरी ठेवणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे. २०१९ साली त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरही अधिक कडक बंदी घालण्यात आली. ते घरात लक्ष्मी आणते या समजुतीपायी पुष्कळ कासवे पिशव्यांत कोंबून विकली जातात. असे कासव दिसल्यास वनखात्यास कळवावे.

पण खुराडे, पाळणा, लहान भावंडाचे लाकडी खेळणे या गोष्टी तुम्ही केव्हा ना केव्हा रंगवालच. तेव्हा रंगाला बोट लावून पाहू नका, नाक लावून पाहा. आपल्या घाईची किंमत ज्याला बोलता येत नाही त्याला द्यावी लागते.