ओट्याखालची हवा

शिकागोतल्या वेबर ब्रदर्स मेटल वर्क्स या कारखान्यात पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांसाठी धातूचे पोकळ गोल तयार होत. तिथे काम करणाऱ्या जॉर्ज स्टीफन यांनी १९५२ मध्ये असाच एक गोल मधोमध कापला, खालच्या अर्ध्या भागात कोळसा भरला आणि वरच्या अर्ध्या भागाचं झाकण केलं. अमेरिकेतल्या घरोघरच्या मागच्या अंगणात दिसणारी झाकणाची शेगडी ती हीच. कोळशाच्या जोडीला पुढे गॅस आला. चाकांच्या गाडीवर बसवलेली, पोटात सिलिंडर ठेवलेली गॅसची ग्रिल सर्वत्र दिसू लागली. त्यानंतर लोकांना अंगणातच पक्कं स्वयंपाकघर हवंसं वाटू लागलं. विटांचा किंवा दगडी ओटा, वर ग्रॅनाइट, बाजूला सिंक आणि मधोमध ओट्यातच बसवलेली ग्रिल. न्यू जर्सीत, टेक्सासात स्थिरावलेल्या मराठी घरांमध्येही असे ओटे आहेत आणि त्यांच्यावर कोंबडीबरोबर मक्याची कणसं, भरताची वांगी, पनीर, कोलंबी असं सगळं भाजलं जातं. आता कर्जत, मुळशी, अलिबागकडच्या सुट्टीच्या घरांमध्येही असा ओटा मागितला जाऊ लागला आहे.

गाडीवरची ग्रिल चारी बाजूंनी उघडी असते. तिच्या नळीतून गॅस झिरपला तरी वाऱ्याबरोबर निघून जातो. तीच ग्रिल ओट्यात बसवली की तिच्याभोवती बंद खोका तयार होतो. चूल तीच, गॅसही तोच; कमी झालेली असते ती फक्त हवा. माझ्या मते या विषयाचं मर्म एवढ्या एका बदलात आहे. ग्रिल निवडताना लोक तासन्‌तास खर्च करतात, बर्नर किती, स्टील कसलं, झाकण किती जाड याची चौकशी करतात. ओट्याच्या पोटाचा विचार मात्र गवंड्यावर सोपवतात. त्या बिचाऱ्यानं आयुष्यभर स्वयंपाकघराचे ओटे बांधलेले असतात. तो भोकं ठेवत नाही, कारण भोकांतून झुरळं येतात.

हिशेब करून पाहू. दोन मीटर लांब, पाऊण मीटर खोल आणि ८५ सेंटिमीटर उंच ओट्याच्या पोटात साधारण सव्वा घनमीटर हवा मावते. एलपीजी हवेत सुमारे दोन टक्के मिसळला की ते मिश्रण पेट घेऊ शकतं. म्हणजे हा खोका धोक्याच्या पातळीला नेण्यासाठी पंचवीस लिटर वायू पुरतो आणि त्याचं वजन भरतं जेमतेम पन्नास-साठ ग्रॅम. घरगुती सिलिंडरमध्ये १४.२ किलो गॅस असतो. प्रत्यक्षात याहून कमीही पुरेल, कारण प्रोपेन हवेच्या दीडपट आणि ब्यूटेन दुप्पट जड असतो. तो खोलीभर समान पसरत नाही. पाण्यासारखा उताराकडे जातो आणि तळाशी साचून राहतो. मग कुणीतरी वर काडी लावतं किंवा ओट्यातल्या छोट्या फ्रिजचा स्विच आतल्या आत ठिणगी टाकतो.

म्हणून एलपीजीच्या ओट्याला तळाशी झरोके हवेतच. एकच मोठा झरोका पुरत नाही; समोरासमोरच्या बाजूंना हवेत, म्हणजे वारा एकीकडून शिरून दुसरीकडून निघेल. ते जमिनीलगत असावेत. फूटभर उंचीवर केलेल्या झरोक्याखाली फूटभर गॅस तसाच साचतो. थोडे झरोके वरच्या अंगालाही ठेवावेत, त्यातून उष्णता बाहेर पडते. झरोक्याचं नेमकं माप ग्रिलच्या पुस्तिकेत दिलेलं असतं आणि ते पुस्तक ओटा बांधायच्या आधी गवंड्याच्या हातात पडलं पाहिजे, नंतर नव्हे. सिलिंडरचा कप्पा बर्नरखालच्या कप्प्यापासून पक्क्या भिंतीनं वेगळा असावा आणि त्याला स्वतःचे झरोके असावेत. जवळपास गटाराची जाळी, पाण्याच्या टाकीचं झाकण किंवा तळघराचा जिना असेल तर जागाच बदलावी. झरोक्यातून निघालेला गॅस तिथे जाऊन बसेल.

मुंबई-पुण्यात जिथे पाइपचा गॅस आहे तिथे हे गणित उलटं होतं. तो मिथेन, हवेपेक्षा हलका, वर चढणारा. त्याला वरचे झरोके महत्त्वाचे. गॅस हुंगणारं यंत्र बसवतानाही हाच फरक लक्षात ठेवायचा: एलपीजीसाठी जमिनीजवळ, पाइपच्या गॅससाठी छताजवळ. घरात वासाची जाणीव कमी झालेली वडीलधारी माणसं असतील तर असं यंत्र जरूर बसवावं. एलपीजीला स्वतःचा वास नसतो. आपल्याला येतो तो त्यात मुद्दाम मिसळलेल्या इथाइल मरकॅप्टनचा, आणि नाक काम करत नसेल तर त्याचा काहीच उपयोग नाही.

हवेनंतर उष्णता. वीट, काँक्रीट किंवा लोखंडी सांगाड्यावर सिमेंट बोर्ड, असा न जळणारा ओटा असेल तर ग्रिल पुस्तिकेत दिलेल्या मापाच्या खाचेत थेट बसते. ओट्यात लाकूड किंवा प्लायवूड कुठेही असेल, नुसता आतला सांगाडा का असेना, तर उत्पादकानं त्याच ग्रिलसाठी बनवलेलं उष्णतारोधक जॅकेट आधी बसवावं लागतं. वर चिकटवलेल्या दगडी फरशीमुळे आतलं लाकूड सुरक्षित होत नाही. ते महिनोन्‌महिने तापत राहतं, कोरडं होतं आणि आधी पेटलं नसतं इतक्या कमी उष्णतेला एक दिवस पेटतं. ग्रिलच्या मागेही मोकळी जागा लागते, कारण झाकण मागे कलंडतं आणि गरम हवा तिथूनच निघते. ओटा मागच्या भिंतीला अगदी चिकटवला की ती हवा उलटून पुढे नॉबांवर येते.

वाऱ्याची दिशाही बघायला हवी. वारा मागून आला की तो झाकणाखालची उष्णता पुढे ढकलतो. नॉब तापतात, आतल्या नळ्या भाजतात. कोकणात दुपारनंतर समुद्रावरून वारा येतो. तेव्हा अलिबागच्या अंगणात ग्रिलचं तोंड समुद्राकडे ठेवावं, पाठ नव्हे. वर छप्पर असेल तर ग्रिलपेक्षा रुंद आणि चांगल्या ताकदीची चिमणी लागते; कित्येक उत्पादक मिनिटाला १,२०० घनफूट हवा ओढणारी सुचवतात. घरातल्या ओट्यावरची चिमणी त्यापुढे अगदीच तोकडी पडते. सदनिकेची बाल्कनी या कामाची नाहीच. अमेरिकेत अनेक राज्यांनी स्वीकारलेल्या अग्निसंहितेचा बहुमजली इमारतींसाठीचा सर्वसाधारण नियम असा, की पेट घेणाऱ्या बांधकामापासून १० फुटांच्या आत उघड्या ज्योतीची शेगडी वापरू नये. आपल्याकडच्या बाल्कन्या काँक्रीटच्या असतात हे खरं, पण काचा लावून बंद केलेली बाल्कनी म्हणजे खोलीच झाली. वरच्या मजल्यावरचे वाळत घातलेले कपडेही हाताच्या अंतरावर असतात.

गॅसच्या जोडणीत आपल्याकडे सर्वांत जास्त तडजोड होते. परदेशातून आणलेली ग्रिल पाइपच्या गॅससाठी बनलेली असेल तर तिच्या जेटची भोकं मोठी असतात, कारण मिथेनमध्ये आकारमानाच्या मानानं उष्णता कमी. तिला एलपीजी लावला तर ज्वाला प्रमाणाबाहेर भडकतात. जेट आणि रेग्युलेटर दोन्ही बदलल्याशिवाय ती पेटवूच नये आणि हे काम उत्पादकाच्या संचानं, जाणत्या मेकॅनिककडूनच व्हावं. भोक ड्रिलनं मोठं करणं किंवा झाळून लहान करणं हा जिवाशी खेळ आहे. शिवाय अमेरिकन ग्रिलबरोबर येणारी जोडणी आपल्या सिलिंडरच्या व्हॉल्व्हला बसत नाही. मग कुठूनतरी ॲडॉप्टर मिळवला जातो. तो मुळीच लावू नये. आपल्याकडचा प्रमाणित रेग्युलेटर घ्यावा.

तो किती क्षमतेचा हवा हेही मोजता येतं. मोठ्या चार बर्नरच्या ग्रिलची क्षमता ताशी ६०,००० बीटीयू लिहिलेली असते, म्हणजे साडेसतरा किलोवॅट. सगळे बर्नर पूर्ण सोडले तर ती तासाला सुमारे सव्वा किलो गॅस जाळते. स्वयंपाकघरातल्या शेगडीसाठी केलेला रेग्युलेटर इतका गॅस देण्यासाठी नसतो. सिलिंडरलाही हे झेपायला हवं: आतला द्रव उकळून वायू होतो तेव्हा सिलिंडर गार पडतो, बाहेरून दहिवर धरतो आणि दाब उतरतो. तेव्हा सिलिंडरवर गरम पाणी ओतणारे लोक असतात. तसं करू नये. बर्नर कमी करावेत किंवा गॅस एजन्सीकडून योग्य जोडणी करून घ्यावी. जिथे पाहुण्यांकडून पैसे घेऊन जेवण दिलं जातं तिथे घरगुती सिलिंडर चालत नाही, १९ किलोचा व्यावसायिकच लागतो.

रबरी नळी ओट्याच्या भोकातून किंवा भिंतीतून ओवू नये. दगडाच्या कडेवर ती घासते आणि आत काय झालं ते दिसत नाही. भिंतीपलीकडे न्यायचा असेल तर धातूचा पाइप. नळी आयएसआय शिक्क्याची, तारेनं बळकट केलेली केशरी रंगाची घ्यावी आणि छापलेली मुदत, साधारण पाच वर्षं, संपली की बदलावी. बंद पडून राहणाऱ्या सुट्टीच्या घरात उंदीर असतात, तेव्हा दर वेळी पोचल्यावर नळीवरून हात फिरवून बघावा. सिलिंडर उभाच ठेवावा. त्याच्या कड्याजवळ चाचणीची मुदत रंगवलेली असते: ए, बी, सी, डी म्हणजे वर्षाच्या चार तिमाह्या आणि पुढे वर्ष.

सगळं जोडून झालं की साबणाच्या पाण्याची चाचणी. नॉब सगळे बंद, सिलिंडर उघडा, निम्मं पाणी आणि निम्मा द्रव साबण ब्रशनं प्रत्येक सांध्यावर लावायचा आणि थांबायचं. बुडबुडा फुगला की गळती. काडी ओढून गळती शोधणारे मेकॅनिक अजून आहेत. अशाला तिथेच थांबवावं, मग तो कितीही अनुभवी असो.

पेटवताना झाकण उघडं हवं, याला अपवाद नाही. सिलिंडर हळूहळू उघडायचा, मग एकच बर्नर. पाच सेकंदांत पेटला नाही तर बंद करून पाच मिनिटं वाट पाहायची. अमेरिकेतल्या वाचकांसाठी एक गोष्ट: तिथल्या जोडणीत गॅस एकदम वेगानं सुटला तर प्रवाह आवळणारी सोय असते. नॉब आधी उघडे ठेवून सिलिंडर झटक्यात सोडला की ती सोय गळतीच समजते आणि ग्रिल कितीही वेळ ठेवली तरी तापत नाही. सगळं बंद करून, जोडणी सोडवून, पुन्हा जोडून हळू उघडलं की ती ठीक होते. दिवाळीत तिथे थंडी असते, म्हणून ग्रिल गॅरेजमध्ये ओढली जाते. दार उघडं असलं तरी तिथे कार्बन मोनॉक्साइड साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. ग्रिल बाहेरच हवी, स्वेटर घालून उभं राहावं लागलं तरी. आणि आकाशकंदील व पताका तिच्या डोक्यावरून हलवाव्यात.

ज्योत निळी असावी. पिवळी, आळसट ज्योत म्हणजे हवा कमी पडते आहे आणि त्याचं नेहमीचं कारण कोळी. बर्नरच्या नळीत ते जाळं विणतात, गॅस पुढे जात नाही, ज्योत उलटी आत शिरते आणि नॉबांमागे पेटते. इंधनाच्या वासाकडे काही कोळी ओढले जातात. अमेरिकेत २०११ मध्ये माझदा कंपनीला हजारो गाड्या परत बोलवाव्या लागल्या होत्या त्या इंधनाच्या टाकीच्या हवानळीत कोळ्यांनी केलेल्या जाळ्यांपायी. आपल्याकडे कोळ्याच्या जोडीला कुंभारीण माशी आहे. दिसेल त्या भोकात ती चिखलाचं घर करते. म्हणून पावसाळ्यानंतर पहिल्यांदा पेटवण्याआधी बर्नर काढून नळ्या लांब ब्रशनं साफ कराव्यात आणि साबणाची चाचणी पुन्हा घ्यावी. समुद्राकाठी खारी हवा स्टीलही खाते. तिथे निदान ३०४ दर्जाचं स्टील घ्यावं. चुंबकाला घट्ट चिकटणारं स्टील तिथे लवकर गंजतं.

अमेरिकेत २०१४ ते २०१८ या काळात ग्रिलमुळे घरी लागलेल्या आगी वर्षाला सरासरी १०,६०० होत्या आणि त्यांतलं एक ठळक कारण होतं साफ न केलेली ग्रिल. चरबीचा थाळा दर वेळी रिकामा करावा. चरबी पेटली तर पाणी टाकू नये. बर्नर बंद, झाकण बंद, जवळ कोरड्या पावडरीचं अग्निशामक. जाळी घासायला तारेचा ब्रश नको. अमेरिकेत प्रॉव्हिडन्समधल्या डॉक्टरांकडे मार्च २०११ ते जून २०१२ या काळात सहा रुग्ण आले, ज्यांच्या पोटात किंवा घशात अन्नातून गेलेली ब्रशची तार अडकली होती. संपूर्ण जाळी झाकणारा भाकरीचा मोठा तवा किंवा फॉइलही ठेवू नये. उष्णता खाली कोंडते आणि व्हॉल्व्ह भाजतात. कोंबडी आतून ७४ अंश सेल्सिअसला पोचली पाहिजे, आणि ते रंगावरून नव्हे, थर्मामीटरनं बघावं.

काम संपलं की बर्नर बंद, मग सिलिंडर बंद, थंड झाल्यावर झाकणी. झाकणीआड झरोके बुजत नाहीत ना तेही पाहावं. कधी वास आला तर ओट्याची दारं उघडता आली तर उघडावीत, सिलिंडर बंद करावा, पण कोणताही दिवा लावू किंवा मालवू नये, पंखाही नाही. मुलांना घेऊन वाऱ्याच्या वरच्या अंगाला, दूर जावं. एलपीजी गळतीसाठीचा आपल्याकडचा क्रमांक १९०६ आहे, चोवीस तास चालतो. फोन फाटकाबाहेर गेल्यावरच खिशातून काढावा.