गटारात जाणारे अन्न

अन्नप्रक्रिया कारखान्यातले गटार एका दिवसात तुंबत नाही. रोजच्या धुण्यात थोडे पीठ, थोडे तेल, थोडा चोथा पाण्याबरोबर आत जातो आणि वाकणावर, सांध्यात किंवा कमी उताराच्या पट्ट्यात बसतो. त्यावर पुढच्या पाळीचा थर चढतो. मग ऐन हंगामात, भट्ट्या रात्रंदिवस पेटलेल्या असताना, जाळीतून पाणी उलटे वर येते. काम थांबते, तयार मालाला वास लागण्याची भीती असते आणि सफाईसाठी धावाधाव सुरू होते. गटाराला दोष देऊन सगळे मोकळे होतात. पण दोष बहुतेक वेळा उत्पादनाच्या फरशीवर, धुण्याच्या पद्धतीत असतो.

फरसाणाचा कारखाना हे याचे सर्वांत ठळक उदाहरण. पाळी संपते तेव्हा शेवेच्या यंत्राखाली बेसनाचा लगदा पडलेला असतो, कढईच्या तळाशी जळक्या कणांचा गाळ असतो आणि भट्टीभोवतीची फरशी तेलाने चिकट झालेली असते. सफाई कामगार नळी लावतो आणि सगळे पाण्याच्या जोराने जाळीकडे ढकलतो. जाळीवर लगदा साचला की पाणी तुंबते. पाळी संपवून घरी जायची घाई असते, म्हणून तो आकड्याने जाळी उचलून बाजूला ठेवतो. पाणी झरकन उतरते आणि लगदा, गाळ, तेल असे सगळेच खाली जाते. तुंबण्याची खरी सुरुवात इथे होते. यात एकट्या कामगाराचा दोष नाही, कारण ओला कचरा भरायला खोरे, रबरी पुसणी आणि डबा त्याला बहुधा दिलेलाच नसतो.

गटारात गेल्यावर प्रत्येक पदार्थ आपापल्या गुणाने वागतो. वनस्पती तूप ३१ ते ४१ अंश सेल्सिअसच्या दरम्यान वितळते. कढई धुतलेल्या गरम पाण्यात ते पातळ असते, पण जमिनीखालच्या नळात पाणी थंड झाले की भिंतीला चिकटून गोठते. द्रवरूप तेल गोठत नाही म्हणून ते निरुपद्रवी, असा समज आहे. तो चुकीचा आहे. तेच तेल पुन्हापुन्हा तापवले की त्यात मुक्त मेदाम्ले वाढतात. काँक्रीटच्या नळातून झिरपणाऱ्या आणि जड पाण्यात असणाऱ्या कॅल्शियमशी या आम्लांची क्रिया होऊन पाण्यात न विरघळणारा साबण तयार होतो. तो दगडासारखा घट्ट होतो आणि गरम पाण्याने हलत नाही. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठातील संशोधकांनी सांडपाण्याच्या वाहिन्यांतील चरबीचे थर तपासले, तेव्हा त्यांत असा कॅल्शियमचा साबण आढळला. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ मध्ये सापडलेला चरबीचा गोळा सुमारे २५० मीटर लांब आणि १३० टन वजनाचा होता. तो फोडून काढायला काही आठवडे लागले.

स्टार्चचे वागणे वेगळे. बेसन, तांदळाचे पीठ, बटाट्याचे पाणी यांतला स्टार्च गरम पाण्यात फुगतो आणि त्याची खळ होते. थंड झाल्यावर ती घट्ट बसते आणि वाहून येणारा प्रत्येक कण धरून ठेवते. नुसते तेल किंवा नुसते पीठ जेवढा त्रास देते, त्याच्या कितीतरी पट त्रास दोन्ही मिळून देतात. फरसाणाच्या कारखान्यात नेमके हेच मिश्रण असते.

दुग्धालयात दुधातले स्निग्ध पदार्थ आणि प्रथिने त्रास देतात. गटारातल्या आंबलेल्या पाण्याशी दूध मिसळले की ते नासते आणि त्याच्या गाठी नळात बसतात. शिवाय एक लिटर दूध कुजवायला सुमारे १०० ग्रॅम ऑक्सिजन लागतो, म्हणजे किमान दोन माणसांच्या दिवसभराच्या सांडपाण्याइतका भार एवढ्याशा दुधाने पडतो. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या आंब्याच्या रसाच्या कारखान्यांत साली आणि कोयी सहसा वेगळ्या काढल्या जातात. रसातले तंतू आणि साखर मात्र धुण्याच्या पाण्यात उतरतात. तंतू एकमेकांत गुंततात, साखर आंबते आणि त्या आम्लाने सिमेंटचा पृष्ठभाग खरवडला जातो. खरबरीत झालेल्या भिंतीवर पुढचा थर आणखी लवकर धरतो.

नळाची रचना चुकली असेल तर हे सगळे अधिक वेगाने घडते. गाळ वाहून जाण्यासाठी पाण्याचा वेग सेकंदाला निदान ०.६ मीटर हवा. १०० मिलिमीटर व्यासाच्या नळाला साधारण ४० फुटांत एक फूट आणि १५० मिलिमीटरच्या नळाला ६० फुटांत एक फूट उतार देण्याची जुनी रीत त्यासाठीच आहे. तुंबते म्हणून मोठा नळ टाकणारे पुष्कळ असतात. पण मोठ्या नळात थोडे पाणी पातळ पसरून संथ वाहते आणि गाळ उलट जास्त बसतो.

तुंबल्यावर सर्वांत आधी हाताशी येतो तो कॉस्टिक सोडा. तो चरबीचा साबण करतो आणि पाणी काही वेळ वाहू लागते. मात्र तो साबण पुढे जाऊन कॅल्शियमशी मिळाला की पुन्हा थर धरतो, तोही आवाराच्या बाहेर, जिथे पोचणे आणखी कठीण. जास्त सोडा गेला तर सांडपाणी प्रक्रिया केंद्रातले उपयोगी जिवाणू मरतात. आम्ल ओतणे तर घातकच आहे, कारण कुजलेल्या गाळातले सल्फाइड आम्लाच्या संपर्काने हायड्रोजन सल्फाइड वायूच्या रूपात बाहेर पडते. उकळते पाणी आणि डिटर्जंट चरबीला फक्त पुढे ढकलतात.

खरा उपाय पाणी सोडण्याआधीचा आहे. आधी कोरडी सफाई करायची: फरशीवरचे पीठ खोऱ्याने भरायचे, कढईतला गाळ झाऱ्याने काढून डब्यात टाकायचा, तेलकट पृष्ठभाग पुसून घ्यायचा आणि मगच नळी उघडायची. यासाठी महागडे यंत्र लागत नाही. पाळीच्या वेळेतली थोडी मिनिटे सफाईसाठी राखून ठेवावी लागतात, आणि मालकाने ती खर्च न मानता कामाचाच भाग मानली तर निम्मे काम होते. जाळीखाली बाहेर काढता येणारी बारीक छिद्रांची टोपली बसवावी. जाळी बोल्टने पक्की करावी, म्हणजे ती घाईत उचलली जाणार नाही.

त्यापुढे तेल अडवणारी टाकी हवी. तिच्या आडभिंतींमुळे पाणी संथ होते, तेल वर तरंगते, गाळ तळाशी बसतो आणि मधले पाणी पुढे जाते. या टाकीत उकळते पाणी सोडले तर तेल वेगळे होण्याआधीच बाहेर पडते. तवंग आणि गाळ मिळून टाकीच्या खोलीचा चौथा भाग व्यापला की ती उपसायची, हा सर्वत्र मानला जाणारा नियम आहे. टाकी बांधून विसरून जाणे हे ती न बांधण्यासारखेच. तळणीचे वापरलेले तेल तर या टाकीपर्यंतही यायला नको. अन्नसुरक्षा प्राधिकरणाच्या नियमानुसार १ जुलै २०१८ पासून तेलातील एकूण ध्रुवीय संयुगे २५ टक्क्यांवर गेली की ते तळणीसाठी वापरता येत नाही. दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल वापरणाऱ्यांनी त्याची नोंद ठेवून ते अधिकृत संकलकाला द्यायचे असते, आणि त्यापासून बायोडिझेल बनते.

पर्यावरण संरक्षण नियमांच्या सर्वसाधारण मानकांप्रमाणे सार्वजनिक मलवाहिनीत सोडायच्या पाण्यात तेल आणि ग्रीस लिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त नको. कढया धुतलेले पाणी थेट सोडले तर ही मर्यादा पाळली जाणे अशक्य आहे.

एवढे करूनही तुंबलेच तर जेटिंग यंत्राने, शक्यतो उताराच्या खालच्या बाजूने वर, सफाई करावी आणि सुटलेला गाळ चेंबरमधून शोषून घ्यावा. माणूस चेंबरमध्ये उतरवू नये. कुजलेल्या अन्नातून निघणाऱ्या हायड्रोजन सल्फाइडला कमी प्रमाणात नासक्या अंड्याचा वास येतो. पण सुमारे १०० पीपीएमच्या पुढे नाकाची जाणीवच बधिर होते, त्यामुळे वास गेला म्हणजे धोका गेला असे समजणारा बेसावध राहतो. त्याला काढायला धावलेला दुसराही तिथेच कोसळतो. कारखाने अधिनियम, १९४८ मधले कलम ३६ याच धोक्यासाठी होते. वायू काढून टाकून सक्षम व्यक्तीने तपासणीअंती लेखी दाखला दिलेला असावा, नाहीतर उतरणाऱ्याकडे श्वसनयंत्र आणि दोराला बांधलेला पट्टा असावा व दोराचे टोक बाहेरच्या माणसाच्या हाती असावे, अशी अट त्यात घातलेली होती. मलवाहिनीतील मृत्यूंसाठी ३० लाख रुपये भरपाई द्यावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये दिला. कारखान्याच्या मालकांनी आणि पर्यवेक्षकांनी आपल्या चेंबरच्या झाकणावर ‘आत उतरू नये’ अशी पाटी आजच लावावी आणि जेटिंगवाल्याचा फोन नंबर तिच्याखालीच लिहून ठेवावा.